स्टीव्हन्स फेव्हरिट (.२२ रिमफायर): लिंक सैल, पुंगळीची कड फुगते. काय बदलावं, कशाला हात लावू नये?

सैल_लिंक

रायफल स्टीव्हन्स फेव्हरिट, १८९४ मॉडेल, .२२ लाँग रायफल, एकबारी, टेकडाउन नळी (पेच सोडून सुटी होणारी). बाहेरून बरी आहे, रिसीव्हरवर केस-हार्डनिंगचे रंग थोडे टिकून आहेत. दुखणं आतलं आहे. लीव्हर पूर्ण मिटवल्यावरही ब्रीच ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) अंगठ्याने पुढे-मागे डुलतो. झाडलेल्या पुंगळीची कड एका बाजूने फुगलेली निघते. दहात दोन-तीन बार फुसके जातात आणि पुंगळी काढायला कधीकधी चिमटा लागतो.

मनात तीन उपाय आहेत: (१) लिंकच्या (लीव्हर आणि ब्लॉक जोडणारी पट्टी) दोन्ही पिना जाड करून टाकणं, (२) ब्लॉकच्या तोंडावर पातळ पत्रा ब्रेझ करून फट भरणं, (३) मेनस्प्रिंग नवी आणि जड बसवणं. कुठून सुरुवात करू? लेथ, मायक्रोमीटर, डायल गेज, फीलर गेज आहेत. मिलिंग मशीन नाही, पण करून मिळेल. परवाना वगैरे कागद जागेवर आहेत, तो विषय नको.

मायक्रॉन

आधी रायफल झाडणं बंद. कड फुगतेय याचा अर्थ तिला मागून आधार नाही. रिमफायरमध्ये कड हाच पुंगळीचा सगळ्यात पातळ, दुमडलेला भाग, आणि ठोक्याने पेटणारा मसालाही तिथेच भरलेला असतो. ती फाटली की गॅस सरळ तोंडावर येतो.

उपाय दोन सोडून द्या, तो उपाय नाहीच. तीन सध्या बाजूला. एक बहुधा करावा लागेल, पण मोजल्याशिवाय नाही. आकडे द्या:

फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा भाग) दोन्ही काढून ठेवा. हे विसरलात तर बाकीचं मोजमाप फुकट. एक्स्ट्रॅक्टर केसभर वर राहिला तरी गेज नीट बसत नाही. नळीत १.०९ मिमीचा (०.०४३ इंच) गो गेज, म्हणजे किमान मापाचा गेज, घाला, लीव्हर मिटवा. आता ब्लॉक लाकडी पट्टीने पुढे दाबून धरा आणि गेज व ब्लॉक यांच्यामध्ये किती जाडीची फीलर पाती जाते ते बघा. मग ब्लॉक मागे रेटून तेच परत करा. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, सरासरी काढू नका.

शिवाय न झाडलेल्या पाच काडतुसांच्या कडा आणि झाडलेल्या पाच पुंगळ्यांच्या कडा मायक्रोमीटरने मोजा. झाडलेली पुंगळी फुकटचा साक्षीदार आहे. बार उडताना ब्लॉक जिथवर मागे सरकला तिथवर कड पसरते.

गंजखोर

स्प्रिंग का बाजूला? फुसके बार म्हणजे घोड्याचा मार कमी, सरळ हिशोब आहे. जुनी पट्टीची स्प्रिंग शंभर वर्षांत थकणारच.

मायक्रॉन

@गंजखोर थकलेली असू शकते, पण ते आत्ता कळणार नाही. हेडस्पेस, म्हणजे नळीतली कडेची पायरी आणि ब्लॉकचं तोंड यांतलं अंतर, जास्त असलं की फायरिंग पिनेचा पहिला धक्का काडतूस पुढे ढकलण्यात खर्च होतो, कड पायरीवर टेकते आणि उरलेल्या जोरात ती चेपायची असते. वर ब्लॉकच मागे डुलतोय, म्हणजे पिनेची पोच तेवढी कमी. स्प्रिंग बदलून बार उडायला लागतील, कड मात्र फुगतच राहील, आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती झाली. हे जास्त वाईट.

सैल_लिंक

मोजलं.

ब्लॉक पुढे दाबून: ०.१० मिमीची पाती जाते, ०.१२ ची नाही.
ब्लॉक मागे रेटून: ०.२८ घट्ट जाते.
न झाडलेली कड: १.०० ते १.०३ मिमी.
झाडलेली कड: १.३० ते १.३४, वरच्या बाजूला जास्त, खाली कमी.

म्हणजे हेडस्पेस १.१९ ते १.३७. नो-गो गेज, म्हणजे ज्यावर लीव्हर मिटता कामा नये तो, १.१७ (०.०४६ इंच) धरला तर पुढे दाबूनही बाहेरच आहे. पिना गेल्या, असंच ना?

ऐरण

नाही, आणि म्हणूनच दोन आकडे वेगळे मागितले होते.

०.२८ वजा ०.१० म्हणजे ०.१८, हा सांध्यांचा ढिलेपणा. तो पिना, पेच आणि भोकांत आहे. पण पिना झिजल्या तर ब्लॉक पुढेसुद्धा मोकळा होतो. पुढे दाबल्यावर फट शून्याकडे जायला हवी. तुमच्याकडे पुढे दाबूनही ०.१० उरते, आणि ती कुठल्याही झिजलेल्या पिनेमुळे उरू शकत नाही. ती दुसरीकडून येतेय. शक्यता तीन:

नळी रिसीव्हरमध्ये पूर्ण मागे बसत नाही. किंवा लीव्हर जिथे थांबायला हवा त्याच्या अलीकडेच थांबतो, म्हणजे लिंक मध्यरेषेपलीकडे जात नाही. किंवा कुणीतरी पूर्वी ब्लॉकचं तोंड वा नळीतला कडेचा खळगा घासून ठेवलाय.

टेकडाउन बंदुकीत पहिली शक्यता आधी तपासायची. नळी काढा, सॉकेटच्या तळाला आणि नळीच्या खांद्यावर मार्करची निळी शाई लावा, परत बसवून टेकडाउनचा पेच (नळी रिसीव्हरला धरणारा) आवळा, काढा, बघा कुठे शाई पुसली. खांदा सगळीकडे टेकत नसेल तर तळाशी वाळलेलं ग्रीस नाहीतर गंजाचा खवला असणार.

वरची कड जास्त फुगते ते बरोबर आहे. ब्लॉक खालच्या पेचावर झुलतो, त्यामुळे मागे गेला की वरचं टोक जास्त उघडतं.

सुताचा_फरक

ऐरण म्हणतात ते खरं, पण इतकं कशाला? नळीचा खांदा लेथवर ०.१० घासून नळी मागे आणायची, हेडस्पेस गो गेजला जुळेल. अर्ध्या तासाचं काम.

ऐरण

@सुताचा_फरक नळी मागे आली की तिच्या पोटातली पेचाची खाच पण मागे आली. मग पेच खाचेच्या मध्यावर न बसता काठावर चढतो. एक्स्ट्रॅक्टरची खाच हलते ती वेगळीच. आणि एवढं करून ०.१८ जागच्या जागी राहतो, कारण तो सांध्यात आहे. आता पुढे दाबून गो गेज बरोबर बसेल, बार उडाल्यावर मात्र कड १.२७ होईल. शंभर वर्षांच्या नळीवरून धातू एकदा गेला की परत येत नाही. पिना मात्र शंभर वेळा करता येतात.

खांदा घासणं हा शेवटचा उपाय. खांदाच ठोकून चेपला गेला असेल तरच.

सैल_लिंक

शाईचा प्रयोग केला. खांदा फक्त खालच्या तिसऱ्या भागात टेकत होता. सॉकेटच्या वरच्या अंगाला कडक काळा थर निघाला, अर्धा ग्रीस अर्धा गंज. पितळी खुरपणीने आणि रॉकेलने काढला. त्यानंतर ०.१० चा ०.०६ झाला. पेचाचं टोक बघितलं तर पार बोथट, गोल झालंय. पेच पूर्ण आवळला की टोक खाचेच्या तळाला टेकतं, नळीला मागे ओढत नाही.

ऐरण

सापडलं. त्या पेचाचं टोक खाचेच्या बाजूवर दाबायला हवं, तळावर नाही. बाजूवर दाबला तर पाचरीसारखा नळीला मागे ओढतो, तळावर दाबला तर नुसता उभा राहतो. टोक झिजून बुटकं झालेलं नाही, जाड झालंय: ठोके खाऊन पसरलंय. लेथवर धरून टोकाचा निमुळता कोन परत काढा, तोही खाचेचा कोन बघून. खाचेत मेण दाबलं की कोनाचा ठसा मिळतो. टोकावरून साधारण ०.३ मिमी काढा म्हणजे तळाला टेकायचं बंद होईल. आटे मात्र अजिबात नवीन पाडू नका. त्या काळचे पेच आजच्या प्रमाणित मापांत बसतीलच असं नाही, जवळचा टॅप घातला की रिसीव्हरचेच आटे जातात.

मायक्रॉन

नळी मागे बसली की मग सांधे. एकेक सांधा वेगळा मोजा. डायल गेजचा काटा ब्लॉकच्या तोंडावर, आणि बाकीचे सांधे पाचरीने बांधून फक्त एकच मोकळा. चार जागा आहेत: ब्लॉकचा पेच, लीव्हरचा पेच, लिंकच्या दोन पिना.

पिना आणि पेच मायक्रोमीटरने दोन ठिकाणी मोजा, जिथे काही घासत नाही तिथे आणि जिथे घासतं तिथे. फरक म्हणजे पिनेची झीज. सांध्याचा एकूण ढिलेपणा वजा पिनेची झीज म्हणजे भोकाचा वाटा.

एक लक्षात घ्या. लीव्हर मिटल्यावर लिंक जवळजवळ सरळ रेषेत उभी राहते, त्यामुळे त्या रेषेतला ढिलेपणा जवळपास पूर्णच्या पूर्ण ब्लॉकवर उतरतो. रेषेला आडवा ढिलेपणा किती का असेना, हेडस्पेसला त्याचा फारसा त्रास नाही. म्हणून भोक "गोल आहे का" यापेक्षा "जोराच्या रेषेत किती लांबलं" हे बघा.

किती जोर, तर .२२ लाँग रायफलची सॅमी (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) मर्यादा २४,००० पीएसआय. पुंगळीचा बाहेरचा व्यास ५.७४ मिमी धरून हिशोब केला तर वरची सीमा साधारण ४३५ किलो भार होते. पुंगळी कक्षाच्या भिंतीला धरून बसते म्हणून ब्लॉकपर्यंत त्याहून बराच कमी पोचतो. तेलकट कक्षात ती पकड कमी होते आणि भार वाढतो. म्हणून झाडण्याआधी कक्ष कोरडा पुसायचा.

सैल_लिंक

पेचाचं टोक केलं. आता पुढे दाबून ०.०२ ची पाती जेमतेम शिरते, मागे रेटून ०.२०. म्हणजे ०.१८ जसाच्या तसा, ऐरण म्हणाले तसंच.

सांधे असे:
लिंकची पुढची पिन ०.०७ (पिन ०.०४, भोक ०.०३)
लिंकची मागची पिन ०.०५ (पिन ०.०३, भोक ०.०२)
लीव्हरचा पेच ०.०४ (सगळी झीज पेचावर)
ब्लॉकचा पेच ०.०२

चापओढ्या

बेरीज बरोब्बर ०.१८ आली हा योगायोग समजा, खुश होऊ नका :) ब्लॉकच्या पेचाचा ढिलेपणा एकास एक मोजायचा नसतो.

ऐरण

ब्लॉकचा पेच ०.०२ ला आहे, त्याला हात लावू नका. एवढी मोकळीक त्याला हवीच. लीव्हरचा नवीन पेच करा, भोकं आहेत तशी ठेवा. खरं काम लिंकचं.

लिंक पातळ आहे, तिच्यात बुश (भोकात बसवायची बारीक नळी) बसायला भिंत उरत नाही. भोक गोल करून जाड पिन हाच मार्ग. इथे नव्वद टक्के लोक चुकतात ते असं: लांबलेल्या भोकात ड्रिल नाहीतर रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) हाताने फिरवतात. रीमर रिकाम्या जागेकडे, म्हणजे झिजलेल्या बाजूकडे सरकतो. भोक छान गोल होतं, पण मध्य सरकलेला. दोन्ही भोकांचे मध्य एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून सरकले की लिंकची लांबी बदलली, आणि लिंकची लांबी म्हणजेच तुमचं हेडस्पेस.

मिलिंगवर द्या. लिंक सपाट पट्टीवर धरून भोकाच्या न झिजलेल्या बाजूवरून डायल गेजने मूळ मध्य शोधायचा, मग तिथेच स्पिंडल आणून छोट्या बोरिंग टूलने किंवा एंडमिलने भोक सरळ करायचं, शेवटचे ०.०५ मिमी रीमरने. मूळ मापापेक्षा ०.१० ते ०.१५ मोठं पुरे. लिंक केस-हार्डन आहे, वरचं कवच कडक. एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) रीमर पहिल्याच फेरीत बोथट होतो. कार्बाइड वापरा. लिंकमधलं भोक मोठं केलं तर लीव्हर आणि ब्लॉकमधली जोडीची भोकंही त्याच मापाची लागणार हे धरून चला, नाहीतर पिनेला मध्ये पायरी ठेवा. पायरीवाली पिन माझ्या मते बरी: ब्लॉकवर कमीत कमी काम.

मायक्रॉन

पिनेसाठी ड्रिल रॉड, तेलात पाणी घेणारा, म्हणजे तापवून तेलात बुडवला की कडक होणारा, ओ-१ जातीचा. लेथवर ०.०५ मोठी ठेवून करा, पाणी द्या, मग ऑइल स्टोनने मापाला आणा. चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून किंचित तापवून (८०० अंशाच्या आसपास) तेलात उभी बुडवा. आडवी टाकलीत तर वाकते. मग कागदाने चकचकीत करून निळ्या रंगापर्यंत, साधारण २९५-३०० अंश, परत तापवा. गवती पिवळ्यावर थांबलात तर ती कडक राहील पण मार खाऊन तडकेल.

पिन लिंकपेक्षा थोडी मऊ असू द्या. झिजायचंच तर पिनेने झिजावं.

सांध्यात मोकळीक ०.०१ ते ०.०२. त्याहून घट्ट केलंत तर थंड तेलात लीव्हर जड होईल आणि शेवटच्या मिलिमीटरला थांबेल, म्हणजे पुन्हा लिंक मध्यरेषेपलीकडे जाणार नाही.

सुताचा_फरक

मग लिंकच नवीन करा ना. आणि करताय तर ०.०२-०.०३ ने लांब करा, उरलेली फटही भरून निघेल. लांबी हातात असताना ती वापरायला काय हरकत आहे?

मायक्रॉन

नवीन लिंक चालेल, कल्पना चांगली आहे. जुनी पिशवीत लेबल लावून ठेवता येते, मूळ भाग जपला जातो. पण लांबीच्या बाबतीत सांभाळून.

हेडस्पेस १.०९ च्या खाली जाता कामा नये. काडतुसाची कड प्रमाणात १.०९ पर्यंत जाड असू शकते. ब्लॉक त्याहून पुढे आला तर लीव्हर मिटवताना कड चिमटली जाते. मसाला कडेतच आहे. चिमटली तर लीव्हर अर्धवट मिटलेला असताना बार उडू शकतो. सैल बंदूक वाईट, पण जास्त घट्ट रिमफायर त्याहून वाईट.

म्हणून लक्ष्य १.१० ते १.१३. १.०९ वर नेमकं आणायचा हट्ट नको. गो गेज घालून लीव्हर बोटाच्या जोराने मिटायला हवा, हाताच्या जोराने नाही.

गंजखोर

फायरिंग पिनेची पोच किती ठेवायची? माझ्याही फेव्हरिटच्या नळीच्या काठावर चौकोनी ठसा आहे, त्यामुळे विचारतोय. धागाकर्त्याच्या पुंगळ्या अडकतात त्याचं कारण पण हेच असणार.

सैल_लिंक

@गंजखोर हो, बघितलं. कक्षाच्या काठावर पिनेचा ठसा आहे, आणि बोटाच्या नखाने आत उंचवटा लागतो.

ऐरण

रिकाम्या कक्षावर घोडा सोडल्याचा परिणाम. पिन काठावर आदळते, धातू खाली चेपतो आणि आत कक्षात फुगवटा येतो. काडतूस जाताना घासत जातं, बार उडाल्यावर पुंगळी फुगून त्याच फुगवट्यावर अडकते. लोक एक्स्ट्रॅक्टर बदलतात, दोष तिथे नसतोच.

कानस, ड्रेमेल, गोल दगड, काहीही आत घालायचं नाही. फुगवटा खरवडला तर तो धातू कायमचा गेला, आणि काठावर खड्डा राहतो तो राहतोच. तिथे कडेला आधार नाही म्हणून त्या जागी पिन पडली तर फुसका बार. धातू परत ढकलायचा असतो. त्यासाठी चेंबर आयर्न: कडक, चकचकीत, किंचित निमुळती स्टीलची दांडी, टोक कक्षात शिरेल इतकं. नळी सुटी करा (टेकडाउनचा इथे फायदा), व्हाइसमध्ये लाकडी जबड्यांत धरा, आयर्नला तेलाचा थेंब, ठशाच्या जागी आत सरकवून ठशाकडे दाब देत थोडं थोडं फिरवा. हातोडी नाही. फुगवटा बाहेर जाऊन ठसा बराचसा भरून येतो. चार-पाच वेळा करून, पुसून, काडतूस टाकून बघा: सुट्या नळीत ते स्वतःच्या वजनाने कडेपर्यंत जाऊन बसायला हवं आणि नळी उलटी केली की बाहेर पडायला हवं.

त्यानंतरही केसभर राहिलं तर फिनिशिंग रीमर हाताने, फक्त टोकाला. रीमर कडेच्या पायरीला टेकू देऊ नका, नाहीतर हेडस्पेस वाढलं.

मायक्रॉन

पोच: हेडस्पेसपेक्षा कमी, म्हणजे रिकामा घोडा सुटला तरी पिन काठाला पोचत नाही. ०.९ मिमी (०.०३५ इंच) च्या आसपास ठेवा. १.०५ झाली की जवळजवळ काठावरच. ब्लॉकच्या तोंडावर डेप्थ मायक्रोमीटर ठेवून, पिन पूर्ण पुढे दाबून मोजा.

टोकाचा आकारही बघा. पिन सुईसारखी झाली असेल तर कड टोचते, भोक पाडते. पसरट झाली असेल तर जोर वाटला जातो आणि ठसा उथळ येतो. काठ किंचित मारलेले, टोक सपाट, एवढंच. आणि ब्लॉकमधलं पिनेचं भोक मोठं झालं असेल तर पुंगळीवर पिनेच्या ठशाभोवती पितळेची बारीक किनार उठलेली दिसेल. तसं असेल तर ब्लॉकला बुश लागेल.

चापओढ्या

एक प्रश्न विचारला गेला नाही म्हणून मीच विचारतो. नळीतल्या आट्यांची, म्हणजे रायफलिंगची, काय अवस्था? खड्डे असतील, कक्षात वळी पडली असेल (लाँग रायफलच्या कक्षात वर्षानुवर्षं शॉर्ट झाडल्यावर पुढे पडते ती), तर चेंबर आयर्न, रीमर हे सगळं करण्यापेक्षा लायनर, म्हणजे नळीच्या आत बसवायची नवी रायफलिंग असलेली नळी. ५/१६ इंच बाहेरच्या व्यासाचं मिळतं, नळी आतून बोअर करून बसवायचं, नवा कक्ष, नवी कडेची पायरी. ठसा, वळी, खड्डे सगळं एकदम जातं, आणि बाहेरून नळी तीच दिसते.

आणि चाप. घोडा पूर्ण चढवून मागून अंगठ्याने पुढे ढकला. सुटला तर सिअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा भाग) गेलाय. तिथे कानस नको: कवच अगदी पातळ असतं, ते संपलं की आत मऊ लोखंड, वीस बारांत पुन्हा सुटेल. सिअरच्या नाकावर बारीक दगड, मूळ कोन ठेवून, फक्त चमक येईपर्यंत. खाच तुटली असेल तर टिग वेल्ड करून पुन्हा केस-हार्डनिंग, तेही सुट्या घोड्यावर. रिसीव्हरला आच लावायची नाही, रंग गेले तर गेलेच.

सैल_लिंक

नळी आतून चकचकीत आहे, खड्डे नाहीत, वळी जाणवत नाही. लायनर नको. घोडा ढकलून सुटत नाही.

नवी लिंक करून घेतली (लांबी मूळ मापाची), दोन पिना ओ-१ च्या, लीव्हरचा नवा पेच. चेंबर आयर्नने फुगवटा गेला, काडतूस अलगद बसतं. फायरिंग पिन ०.९२ वर आणली. आता पुढे दाबून ०.०२ ची पाती शिरत नाही, मागे रेटून ०.०४. हेडस्पेस १.०९ ते १.१३. गो गेजवर लीव्हर बोटाने मिटतो. नो-गोवर मिटत नाही. स्प्रिंग जुनीच.

झाडून बघू का?

मायक्रॉन

हातात धरून नाही. रेंजवरच, रायफल जुन्या टायरला घट्ट बांधा, चापाला दोरी, तुम्ही आडोशामागे, चष्मा लावून. एकेक बार, प्रत्येक पुंगळीची कड मोजून मगच पुढचा. दहा पुरे. फक्त स्टँडर्ड व्हेलॉसिटी. हाय-व्हेलॉसिटी .२२ बाजारात आली १९३० च्या सुमारास, ही रायफल त्याआधीच्या काडतुसांसाठी केलेली आहे आणि रिसीव्हर मऊ आहे. नव्या पिना कडक आहेत, पण लीव्हर आणि ब्लॉकमधल्या भोकांच्या भिंती जुन्याच.

कक्ष कोरडा.

सैल_लिंक

दहा बार, दहाही उडाले. झाडलेल्या कडा १.११ ते १.१४. फुगवटा नाही. पुंगळ्या लीव्हर उघडताच बाहेर. एक शंका: आठव्या बारानंतर कड १.१४, आधी १.११ होती. पिना इतक्या लवकर बसतात का?

ऐरण

पिना नाही, टेकडाउनचा पेच असेल. नवीन टोक पहिल्या काही बारांत खाचेत बसतं आणि पेच अर्ध्या फेऱ्याने सैल होतो. आवळून बघा किती फिरतो. नळी आणि रिसीव्हरवर मिळून एक बारीक पेन्सिलची रेघ मारा; रेघ तुटलेली दिसली की आवळायची वेळ झाली. पुढच्या पन्नास बारांनंतर गो आणि नो-गो पुन्हा लावा, एक्स्ट्रॅक्टर काढून.

सैल_लिंक

पाव फेरा फिरला. आवळून आणखी पाच झाडले, १.११, १.११, १.१२, १.११, १.११.